आधी थर्मामीटर, मग सत्यनारायण

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप मिळाला. "सर्वांच्या आशिर्वादाने सौ. ठणठणीत बरी होऊन घरी आली, त्यानिमित्त श्रीसत्यनारायणाची महापूजा, तीर्थप्रसाद व स्नेहभोजन. सहकुटुंब सहपरिवार यावे." आशीर्वादातला 'शी' दीर्घ असतो हे तुला आठवीत शिकवलं होतं, ते जाऊ दे. निरोपातलं बाकीचंही काही शुद्ध नाही. ती ठणठणीत नाही. ती बरी झालेली नाही. आणि ज्या दिवशी तू त्या दोन खोल्यांत दीडशे माणसं बोलावली आहेस, तो तिच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरचा शेहेचाळिसावा दिवस आहे. पहिले शंभर दिवस किती जपायचे असतात हे डॉक्टर समजावून सांगत होते, तेव्हा तू कॉरिडॉरमध्ये फोनवर होतास. हे मला तिने नाही सांगितलं, तिच्या आईने सांगितलं. ती तुझी तक्रार करत नाही. म्हणून हे पत्र मला लिहावं लागतंय.

तुम्ही दोघंही माझ्या वर्गात होतात, एकाच तुकडीत. ती पहिल्या बाकावर, तू खिडकीशी. जीवशास्त्राच्या तासाला तू खिडकीबाहेर बघायचास. आता ते महागात पडायला लागलंय, तर निदान आज नीट वाच. मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या ह्यांना मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा त्यांच्याच पेशी काढून त्यांना परत दिल्या होत्या. तो प्रकार तुलनेने सोपा, आणि तोही किती अवघड असतो ते मी पाहिलंय. तुझ्या बायकोला तर दुसऱ्याच्या पेशी दिल्यात. भावाच्या असल्या तरी दुसऱ्याच्याच.

"बाई, काउंट आले!" असं तू फोनवर ओरडलास तेव्हा मलाही आनंद झाला होता. पण काउंट आले म्हणजे काय झालं, हे तू कुणालाच विचारलं नाहीस. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी लागोपाठ तीन दिवस पाचशेच्या वर राहिल्या की नव्या पेशी रुजल्या असं म्हणतात. एवढाच त्याचा अर्थ. भावाच्या पेशी तिच्या रक्तातून वाट काढत हाडांच्या पोकळीत पोचल्या आणि कामाला लागल्या. न्यूट्रोफिल हे पहिल्या फळीचे शिपाई. जंतूला ओळखून त्याची आठवण ठेवणाऱ्या लिम्फोसाइट पेशी नीट तयार व्हायला वर्ष लागतं, पुष्कळदा त्याहून जास्त. तोवर तिची प्रतिकारशक्ती पाळण्यातल्या बाळाएवढी. लहानपणी टोचून घेतलेल्या लशींचा उपयोग जवळजवळ संपला. त्या तिला काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतील, आणि गोवरासारखी जिवंत लस तर साधारण दोन वर्षं देतच नाहीत. तिचा रक्तगटसुद्धा हळूहळू भावाचा होणार आहे. एवढी उलथापालथ ज्या शरीरात चाललीय, त्याला तू 'ठणठणीत' म्हणतोस. प्रीलिमचा निकाल बघून दहावीचे पेढे वाटणारे पालक मी पाहिलेत, त्यांतलाच तू.

आता पूजेचं. तुझ्या आईच्या मनात काय असेल ते मला कळतं. कथेतल्या साधुवाण्याने पूजा पुढे पुढे ढकलली आणि त्याच्यावर संकट कोसळलं, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. पण त्याने पूजा ढकलली ती स्वतःच्या सोयीसाठी. तू ढकलायचीस ती तिच्या जिवासाठी. देवाला एवढा फरक कळतो असं धरून चालायला हरकत नाही. एकाच पळीने शंभर हातांवर तीर्थ, सकाळपासून उघडं ठेवलेलं न तापवलेल्या दुधाचं पंचामृत, फुलांचे हार, बंद दारांत उदबत्त्यांचा धूर, आणि प्रत्येकजण तिच्याजवळ येऊन, गालाला हात लावून "किती गं वाळलीस" म्हणणार. त्यातल्या एकाला जरी सर्दी असली तरी ती तिच्यासाठी न्यूमोनिया ठरू शकते. मास्क लावून बसवू म्हणालास म्हणे. दीडशे माणसांविरुद्ध एक मास्क!

पूजेसाठी घराला रंग काढायला घेतलास, हे ऐकलं तेव्हा मात्र मी खुर्चीवरून उठले. भिंती घासून, जुने पोपडे काढून? पावसाळ्यात ओल आलेल्या भिंती? त्या धुळीत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. तू आणि मी ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तिच्या फुप्फुसात तीच बुरशी रुजली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तर अशा रुग्णांसाठी गाळलेल्या हवेच्या खोल्या ठेवतात आणि जिथे पाडकाम किंवा बांधकाम चालू असेल तिथून त्यांना लांब ठेवतात. शेजारची इमारत पुनर्विकासाला गेलीय, त्या बाजूची खिडकी बंद ठेव असं तुला सांगितलं होतं. तू ती उघडलीस, कारण रंगाचा वास कोंडतो! बाल्कनीत कबुतरांची वस्ती आहे ती आहेच. रंगारी आजच परत पाठव. जाळी ठोकून घे, तीही ती घरात नसताना, तपासणीला गेलेली असताना. कबुतरांची घाण तिने काढायची नाही. कुंड्यांतली माती उकरायची नाही. तुळशीला पाणी तू घाल. चार महिने नवऱ्याने पाणी घातलं म्हणून तुळस रुसत नाही.

यातलं तुला काहीच माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. सुट्टी देताना छापील कागद दिला होता. तो कुठे आहे ते तुला ठाऊक नाही, हा तुझा खरा गुन्हा.

कारण औषधांची वही कुणाकडे आहे? तुझ्या सासूबाईंकडे. त्यांना चष्मा लावूनही गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर लागत नाही. त्या बिचाऱ्या रंगावरून ओळखतात. पांढरी सकाळी, पिवळी रात्री. कंपनी बदलली की रंग बदलतो, मग काय करायचं? टॅक्रोलिमस हे भावाच्या पेशींना आवर घालणारं औषध. रक्तातली त्याची पातळी कमी झाली तर त्या पेशी तिच्या शरीरावर उठतात, जास्त झाली तर मूत्रपिंडावर ताण पडतो. म्हणून पातळी मोजायची असेल त्या सकाळी रक्त दिल्याशिवाय गोळी घ्यायची नसते. गोळी डब्यात घालून बरोबर न्यायची आणि रक्त दिलं की घ्यायची. मागच्या खेपेला सासूबाईंनी घरातून निघताना नेहमीप्रमाणे गोळी दिली. पातळी भलतीच आली. तिला दोन दिवसांनी पुन्हा तेवढा प्रवास करून पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तू त्यावर काय म्हणालास? "आईंचं वय झालंय." त्यांचं वय झालंय म्हणून तर ते काम तुझं आहे! तू ऑफिसात पाचशे ओळींचे तक्ते बिनचूक भरतोस. घरातल्या बारा औषधांचा तक्ता तुला जमत नाही यावर मी विश्वास ठेवावा?

आणि आता त्या रात्रीबद्दल. याबद्दल मी तुला सहजासहजी माफ करणार नाही.

तिला हुडहुडी भरली. रात्री साडेअकराला ताप शंभर पॉइंट आठ. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलंय की शंभर पॉइंट चार म्हणजे लगेच फोन, दिवस असो वा रात्र. तू तिला तापाची गोळी दिलीस, पांघरूण घातलंस आणि म्हणालास, "सकाळी बघू." सकाळी ताप नव्हता. तुझ्या मते गोष्ट मिटली. अरे, गोळीने ताप झाकला जातो. जंतू तसाच राहतो. अशा रुग्णाच्या रक्तात जंतू शिरला तर काही तासांत रक्तदाब कोसळतो, आणि अँटिबायोटिक शिरेतून लवकर सुरू झालं की नाही यावर पुढचं सगळं ठरतं. त्यात ती स्टेरॉइडवर आहे. स्टेरॉइडमुळे ताप मुळातच कमी दिसतो. म्हणजे शंभर पॉइंट आठ हा आकडासुद्धा कदाचित खरा नव्हता. छातीजवळची सेंट्रल लाइन अजून काढलेली नाही, तीही जंतूंना आत जायची एक वाट. त्या रात्री काही झालं नाही हे तिचं नशीब. त्यात तुझं शहाणपण काडीचंही नाही. आणि फोन न करण्याचं कारण काय दिलंस? "रात्री डॉक्टरांना कशाला त्रास." अरे, त्या वॉर्डात रात्रपाळीला माणसं बसवली आहेत ती तुझ्या फोनसाठी. खोटा धोका वाटून दहा वेळा फोन केलास तर कुणी हसणार नाही. खऱ्या वेळी एकदा केला नाहीस तर पुढे बोलायला काही उरणार नाही.

तुझ्या वहिनीचा काढा बंद कर. गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढते असं तिचं म्हणणं. क्षणभर धरून चालू की वाढते. मग ज्या प्रतिकारशक्तीला डॉक्टर दिवसातून दोनदा औषध देऊन दाबून ठेवताहेत, तिला तुम्ही मागच्या दाराने उठवणार? शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं होतं. त्यावर वाद झाला, तो तज्ज्ञ बघतील. यकृतावर आधीच डझनभर औषधांचा भार असलेल्या बाईवर तो वाद सोडवायचा नसतो. आणि गणपतीत घरात पपनस येईल, त्याची तिला एक फोडही द्यायची नाही. पपनस आणि त्याच्या जातीतलं ग्रेपफ्रूट, दोन्हींमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. फळ ते फळ, त्याने काय होतंय, असं म्हणणारी माणसं तुझ्या घरात पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे 'नाही' म्हणायला तिला लावू नकोस. ते तू म्हण. सुनेने नाही म्हटलं की उद्धटपणा होतो, मुलाने म्हटलं की नियम होतो. हे बरोबर नाही, पण तुझ्या घरात आज तसंच आहे, तर निदान त्याचा उपयोग कर.

आता तुझ्या तक्रारी. मागच्या रविवारी अर्धा तास मला ऐकवल्यास त्या.

ती दिवसभर पडून असते. हो, असते. ट्रान्सप्लांटनंतरचा थकवा झोपून जात नाही. तो महिनोन् महिने राहतो, वर्षभरही राहू शकतो. आंघोळ करून, केस पुसून बाहेर आली की तिचा तेवढ्या दिवसापुरता सगळा जीव खर्च झालेला असतो. अर्थात तिला चालवायला हवंच, रोज थोडं, घरातल्या घरात, मग जिन्यापर्यंत. पण ते "ऊठ, चाल, आळस बरा नव्हे" असं सोफ्यावरून ओरडून होत नाही. तू ऊठ आणि तिच्याबरोबर चाल.

ती ताटातलं टाकते, आईला वाईट वाटतं. तिच्या तोंडात आतून साल गेली होती. जिभेची चव अजून परतलेली नाही. वरणभात तिला लोखंडासारखा लागतो. आईंच्या हाताला दोष नाही. थोडं थोडं, ताजं, पूर्ण शिजलेलं, दर दोन-तीन तासांनी दे. चव आज एकाची लागेल, उद्या दुसऱ्याची. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी सध्या नाही. बाकी काय चालेल ते आहारतज्ज्ञांना विचार, माझ्या किंवा यूट्यूबच्या भरवशावर राहू नकोस.

ती चिडचिडी झालीय. तू रोज सकाळी तिला किती मिलिग्रॅम स्टेरॉइड देतोस, सांग बरं? नाही सांगता येणार, कारण तू देत नाहीस. त्या गोळीने झोप उडते, मन सैरभैर होतं, चेहरा सुजतो, हात कापतो. शिवाय आरशात बघावं तर भुवया नाहीत, आणि दारातून येणारी प्रत्येक बाई "केस काय, येतील" म्हणून जाते. रिपोर्टच्या आदल्या रात्री ती जागी असते. तू घोरत असतोस.

आणि ते वाक्य. हिशेबाची वही उघडी होती, भाऊजी बसले होते, आणि तू तिच्यादेखत म्हणालास, "हिच्यावर आत्तापर्यंत किती लाख गेले कल्पना आहे का?" पैशाची चिंता खरी आहे, ती मी जाणते. ह्यांच्या वेळी मी बांगड्या मोडल्या होत्या. पण तो आकडा तिच्यासमोर, तिसऱ्या माणसाला, त्या सुरात! त्यानंतर तिने मला विचारलं, "बाई, एवढं कशाला केलं त्यांनी?" हे वाक्य कानावर आलं की कुठल्याही नवऱ्याची मान खाली गेली पाहिजे.

तसंच तिच्या भावाचं. गेल्या आठवड्यात तिच्या तळहातांवर पुरळ आलं, थोडे जुलाब झाले, आणि तू मेहुण्याला फोन करून म्हणालास, "तुझ्या पेशी उलटल्या बघ." म्हणजे त्याने काही केलं? हातात सुई खुपसून घेतली, पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनांनी त्याची हाडं ठणकली, ते सगळं मुकाट सोसलं त्याने. त्याच्या पेशी तिच्या शरीराला परकं समजून त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि त्यात कुणाचाही दोष नसतो. उलट तोच हल्ला लपून राहिलेल्या कॅन्सरच्या पेशींवरही होतो. दुसऱ्याच्या पेशी देण्यामागचा अर्धा हेतू तोच. तुझं काम एवढंच की रोज तळहात, तळवे, कानामागची त्वचा, डोळ्यांचा पिवळेपणा बघायचा, जुलाब किती वेळा आणि किती झाले ते लिहायचं, आणि वाढलं की त्याच दिवशी कळवायचं. पुरळाचा फोटो काढून ठेव. पुरळावर घरातलं कुठलंही मलम चोळू नकोस. बाहेर पडताना तिला पूर्ण बाह्या आणि छत्री, कारण उन्हानेही हे उसळतं. आणि मेहुण्याची माफी माग.

घरात पुतण्या आहे दोन वर्षांचा. त्याचे सगळे डोस वेळेवर झालेच पाहिजेत, आणि घरातल्या मोठ्यांनीही फ्लूची लस घ्यायला हवी. पण पल्स पोलिओच्या रविवारी त्याला थेंब पाजण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचार. थेंबांतला दुर्बळ केलेला विषाणू त्यानंतर काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. पोलिओची इंजेक्शनची लसही असते. त्याचे लंगोट तिने बदलायचे नाहीत, हे तर झालंच.

यापुढचं लिहिताना संकोच वाटावा असं माझं वय आणि आपलं नातं आहे, पण तुला दुसरं कुणी सांगणार नाही. केमोने तिची पाळी बंद झालीय. छत्तिसाव्या वर्षी तिला एकदम पन्नाशीचं शरीर मिळालंय. अंगातून वाफा येतात, कोरडेपणा येतो, इच्छा मरून जाते. तू तोंड फिरवून झोपतोस, आणि तिला वाटतं आपण आता कुणाच्याच कामाच्या नाही. प्लेटलेट खाली असताना आणि डॉक्टर सांगतील तोवर शरीरसंबंध ठेवायचे नसतात, नंतरही काही काळ काळजी घ्यायची असते. पण हात हातात घ्यायला प्लेटलेट लागत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञ यावर औषध देतात, हार्मोनचा विचार होऊ शकतो. त्यासाठी तिला घेऊन जाणारा माणूस पाहिजे, जो बाहेरच्या खुर्चीवर बसून मोबाइल चाळणार नाही.

अमेरिकेत २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूतली गाठ, इतर कॅन्सर, मल्टिपल स्क्लेरोसिस असे आजार असलेल्या पाचशेहून अधिक रुग्णांचा. नवरा आजारी असेल तर फारकतीचं प्रमाण सुमारे तीन टक्के. बायको आजारी असेल तर जवळजवळ एकवीस. हे वाचून तू म्हणशील, तिकडचं आहे, आपल्याकडे असं होत नाही. आपल्याकडे कागदावर होत नाही. आपल्याकडे तिला 'हवापालट' म्हणून माहेरी पाठवतात.

हो, तुझा तोही बेत कळला मला. पूजा झाली की चिपळूणला, तिच्या माहेरी, दोन महिने. तिथे रात्री ताप आला तर गाठायचं कुठे? रक्त द्यायची वेळ आली तर तिला किरणोत्सर्गातून काढलेलंच रक्त लागतं. नाहीतर रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशीच तिच्यावर उलटू शकतात. ते लहान गावातल्या रक्तपेढीत मिळेल का, विचारलंस? हॉस्पिटलपासून जवळ राहा असं उगीच सांगत नाहीत. लांबून आलेली माणसं धर्मशाळेच्या एका खोलीत महिनोन् महिने काढतात ती हौसेने नाही. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत एकदा जाऊन ये. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेले नवरे स्टोव्हवर पातळ खिचडी करताना दिसतील. त्यांना कुणी शिकवलं होतं?

ही उपचारपद्धती ज्यांनी उभी केली त्या डॉक्टर डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं. त्यांची बायको डॉटी पत्रकारितेच्या वाटेवर होती. ते सोडून तिने प्रयोगशाळेतलं शिक्षण घेतलं आणि नवऱ्याबरोबर जन्मभर काम केलं. सुरुवातीचे रुग्ण एकामागून एक दगावत होते, अनेक नामवंत डॉक्टर हे सोडून द्या म्हणत होते, त्या वर्षांतसुद्धा. लोक तिला या उपचाराची आई म्हणायचे. थॉमस यांच्याच सिएटलमध्ये शिकून आलेल्या डॉक्टर सुरेश अडवाणींनी १९८३ साली मुंबईत टाटा रुग्णालयात आपल्या देशातलं पहिलं असं ट्रान्सप्लांट केलं, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, पेशी तिच्या भावाच्या. तुझ्या घरात आज जे घडलंय ते इतक्या माणसांच्या हातांतून तुझ्या दारापर्यंत आलंय. शेवटचा हात तुझा आहे. तिथे तू गडबडलास तर आधीच्या कुणाचा काही उपयोग नाही.

यावर तू उलट टोक गाठशील, तुला मी ओळखते. उद्यापासून पहारेकरी होशील. तिला दारातून बाहेर डोकावू देणार नाहीस, ओपीडीत डॉक्टरांनी तिला विचारलं की उत्तर तू देशील. तसंही करू नकोस. पहिल्या बाकावरची मुलगी आहे ती, तिच्या आजाराबद्दल तिला तुझ्यापेक्षा दसपट कळतं. बोलू दे तिला. विसरली तर आठवण कर, केमोनंतर काही महिने शब्द सापडत नाहीत, नावं निसटतात. तेव्हा टाळ्या वाजवून हसायचं नसतं.

तूही दमणार आहेस. ते खोटं नाही. ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णांच्या जोडीदारांना पुढे कित्येक वर्षं एकटेपण घेरतं, आणि रुग्णाची विचारपूस करणारे त्यांची करत नाहीत, हेही अभ्यासांत दिसलंय. ह्यांच्या वेळी माझ्या हाताला घास कुणी दिला नाही हे मलाही आठवतं. म्हणून आठवड्यातून एक दुपार तुझ्या भावाला बसव तिच्याजवळ, सूचना लिहून दे, आणि तू बाहेर जा, झोप काढ, मित्राला भेट. वहिनीला भाजी आणायला सांग, काढा करायला नको. पण "मी तरी काय काय करू" हे वाक्य आधी काहीतरी करून मग म्हणायचं असतं.

तर आता ऐक. निमंत्रण आजच मागे घे, गटावर, स्वतःच्या नावाने. 'डॉक्टरांनी नको म्हटलं' असं लिहू नकोस, 'मी नको म्हणतोय' असं लिही. पूजा वर्षाने कर, मी स्वतः प्रसादाचा शिरा करीन. औषधांची वही सासूबाईंकडून मागून घे, त्यांच्या पाया पडून. दर गोळीचं नाव, वेळ, ती कशासाठी, सगळं तुझ्या अक्षरात लिही आणि पानाचा फोटो रविवारपर्यंत मला पाठव. मी तपासणार आहे, लाल पेनाने. थर्मामीटर तुझ्या उशाशी, तिच्या नाही. वॉर्डाचा नंबर तुझ्या फोनमध्ये सगळ्यांत वर. ताप शंभर पॉइंट चार दिसला की गोळी नाही, गूगल नाही, आई नाही. आधी वॉर्डाला फोन, मग गाडी. मला दुसऱ्या दिवशी कळवलंस तरी चालेल.